किडनीचा त्रास असलेल्या मांजराची घरी काळजी कशी घ्यायची

ब्लड रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (किडनी नीट काम करत नसली की रक्तात साचणारा टाकाऊ घटक) वाढलेलं दिसलं की सगळे आधी त्या आकड्याच्या मागे लागतात, पुढच्या टेस्टला तो किती खाली येईल याचीच चिंता. माझं मत सरळ आहे, आकडा व्हेटला बघू दे, घरी तुमच्या हातात दोनच मोठ्या गोष्टी आहेत, मांजर पोटभर खातंय का आणि त्याच्या अंगात पाणी टिकतंय का. जुनाट आजारात किडनीचा जो भाग गेला तो परत येत नाही, पण उरलेल्या भागावर मांजरं महिनोनमहिने आणि लवकर कळलं तर कित्येकदा वर्षानुवर्षं मजेत जगतात.

रिपोर्ट समजायला एवढं पुरे. आयरिस या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तक्त्याप्रमाणे क्रिएटिनिन १.६ ते २.८ असेल तर स्टेज २, २.९ ते ५ असेल तर स्टेज ३ आणि त्याच्या वर स्टेज ४, सोबत किडनीचीच एसडीएमए नावाची रक्ताची टेस्टही बघतात. मांजराच्या अंगात पाणी कमी असताना रक्त घेतलं तर आकडा उगाच जास्त येतो, त्यामुळे एका रिपोर्टवर धीर सोडू नका. आणि आधी कसं कळलं नाही म्हणून स्वतःला बोल लावू नका, किडनीचं साधारण दोन तृतीयांश काम बंद पडेपर्यंत बाहेरून काहीच दिसत नाही.

आता पाणी. आजारी किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणजे पातळ लघवी भरपूर होते आणि तेवढं पाणी अंगातून जातं, मांजर कितीही प्यायलं तरी ते भरून निघत नाही. म्हणून सारखी लघवी करतं म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवणं हा प्रकार कधीच करायचा नाही. ओल्या फूडमध्ये ७५ ते ८० टक्के पाणी असतं आणि कोरड्यात जेमतेम १० टक्के, त्यामुळे जमेल तेवढं ओल्यावर आणा आणि त्यातही दोन-तीन चमचे कोमट पाणी कालवा. भांडी घरात तीन-चार जागी, पसरट, काठोकाठ भरलेली आणि लिटर बॉक्सपासून लांब. चिकन उकडलेलं पाणी थोडंसं चालतं पण त्यात मीठ नको आणि कांदा-लसूण तर अजिबात नको, ते मांजराला विषारी आहे.

खाण्याबद्दल जरा सविस्तर सांगते कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. रीनल फूडमध्ये, म्हणजे किडनीच्या मांजरांसाठीच्या खास खाण्यात, मुख्य म्हणजे फॉस्फरस कमी असतो, प्रोटीनही बेताचं असतं, आणि त्याने खरंच आयुष्य वाढतं, म्हणून ते द्यायचंच असं धरून चला. पण एका रात्रीत बदल करू नका, जुन्या खाण्यात चमचाभर नवीन मिसळून दोन-तीन आठवडे किंवा लागले तर आणखी जास्त घ्या. आणि मळमळ चालू असताना किंवा दवाखान्यात ॲडमिट असताना तर ते पुढे करूच नका, मांजर त्या वासाचा संबंध आजारपणाशी जोडतं आणि मग बरं झाल्यावरही त्याला तोंड लावत नाही. रीनल फूड नाहीच खाल्लं तर नेहमीचं जे खातंय ते द्या, उपाशी ठेवून, भूक लागली की खाईल असा हट्ट मांजराच्या बाबतीत चालत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर लिव्हरमध्ये चरबी साचून जीवावर बेततं, म्हणजे किडनी सांभाळायला गेलो आणि लिव्हर गेलं. रीनल फूड नाकारलं किंवा ते खाऊनही फॉस्फरस वाढलेलाच असेल तर व्हेट फॉस्फेट बाइंडर देतात, ते खाण्यातच मिसळून द्यायचं, कारण ते पोटातल्या अन्नामधला फॉस्फरस धरून ठेवतं, रिकाम्या पोटी देऊन काही उपयोग नाही.

मांजर खात नसेल तर नखरे करतंय असं समजू नका, नीट निरखून बघा. वाटीपाशी उत्साहाने येतं, वास घेतं, ओठ चाटतं, एकदा आवंढा गिळल्यासारखं करतं आणि मान वळवून निघून जातं, कधी वाटीच्या शेजारची जमीन उकरतं. ही मळमळ आहे, म्हणजे भूक आहे पण अन्न नकोसं होतंय. यावर औषधं आहेत, मॅरोपिटंट, ऑन्डॅन्सेट्रॉन, आणि भूक वाढवायला मिर्टाझापिन, व्हेटला स्वतःहून विचारा, कारण तपासणीच्या टेबलावर मांजर हे काहीच दाखवत नाही. मोबाईलवर व्हिडिओ काढून नेलात तर उत्तम. खाणं किंचित कोमट करून थोडं थोडं दिवसातून पाच-सहा वेळा दिलं तरी फरक पडतो.

पुढच्या स्टेजला बऱ्याच मांजरांना कातडीखाली सलाईन द्यावं लागतं आणि ते घरी जमतं, पहिल्यांदा मात्र व्हेटसमोर स्वतःच्या हाताने करून बघा. साधारण १०० ते १५० एमएल देतात पण तुमच्या मांजराला किती आणि किती दिवसांनी ते व्हेटच ठरवणार, हार्टचा त्रास असेल तर जास्तीचं सलाईन धोक्याचं असतं. पिशवी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करा, मायक्रोवेव्ह नको, मनगटावर थेंब टाकून बघा, आणि नळीतली हवा काढून टाका. सुई प्रत्येक वेळी नवीन. दोन्ही खांद्यांच्या मध्ये कातडी चिमटीत वर उचलली की खाली खोलगट जागा होते, सुईचं तिरकं तोंड वर ठेवून तिथे पाठीला समांतर एका दमात घालायची, घाबरत हळूहळू टोचलं तर जास्त दुखतं. पिशवी उंच टांगली की सलाईन आपोआप उतरतं. केस ओले व्हायला लागले तर सुई पलीकडून बाहेर आली आहे. झाल्यावर सुई काढून ती जागा मिनिटभर चिमटीत धरा. खांद्यावर फुगा दिसेल, तो कधी पुढच्या पायात उतरतो, काही तासांत जिरतो, घाबरू नका. पण पुढच्या डोसच्या वेळी आधीचा फुगा तसाच असेल तर नवीन देऊ नका, व्हेटला फोन करा.

वजन दर आठवड्याला करा आणि लिहून ठेवा. बाळांचा वजनकाटा घ्या, माणसांच्या काट्यावर कळत नाही, चार किलोच्या मांजराचं दोनशे ग्रॅम उतरणं म्हणजे ५ टक्के वजन गेलं. त्याच वहीत खाणं, उलटी, शी आणि लिटरमधल्या लघवीच्या गोळ्यांचा अंदाज लिहा. शी कडक होत असेल तर तेही सांगा, अंगातलं पाणी कमी पडल्याची ती खूण असते आणि बद्धकोष्ठ झालं की खाणंही बंद होतं. लिटर बॉक्सची कड कमी उंचीची ठेवा, म्हाताऱ्या सांध्यांना चढउतार जड जातो.

बीपी मोजायला विसरू नका, किडनीच्या मांजरांमध्ये ते वाढतं आणि १६० च्या वर राहिलं तर डोळ्यांच्या पडद्याला धोका असतो, गोळीने आटोक्यात येतं. पोटॅशियम कमी झालं तर मान खाली झुकते, मागचे पाय लटपटतात. दुखतंय म्हणून माणसांची गोळी कधीच देऊ नका, पॅरासिटामॉलने मांजर मरतं आणि आयबुप्रोफेन किडनी उरलीसुरली संपवतं. लिलीची फुलं घरात नकोत, परागकण चाटले तरी किडनी बंद पडू शकते.

चोवीस तास काहीच खाल्लं नाही, सारख्या उलट्या, लघवी थांबली, डोळ्यांनी एकदम दिसेनासं झालं, किंवा झोपलेलं असताना श्वास मिनिटाला ३० च्या वर जायला लागले तर सकाळची वाट बघू नका, रात्री कुठला दवाखाना उघडा असतो ते आजच शोधून नंबर मोबाईलमध्ये ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना द्या.