कोकॅनीसाठी पहिले साहित्य निवडताना

कोकॅनी हा शब्द कानावर पडला की मराठी माणसाला आधी कोकण आठवते, पण या माशाचा कोकणाशी काही संबंध नाही. त्याचे नाव उत्तर अमेरिकेच्या वायव्य भागातील सॅलिश या आदिवासी भाषांतून आलेले आहे. हा खरे तर सॉकाय जातीचा सामनच, मात्र समुद्राकडे न जाता सारे आयुष्य गोड्या पाण्याच्या तळ्यात काढणारा. ब्रिटिश कोलंबियातील ओकानागन आणि कूटनी या सरोवरांत तो मूळचाच आहे, तर कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरील लेक टाहोसारख्या ठिकाणी तो माणसाने नेलेला आहे. लहानपणी धक्क्यावर बसून गरवलेली आणि आता सिएटल किंवा व्हँकूव्हरकडे स्थायिक झालेली मंडळी या माशाच्या नादी लागतात, तेव्हा दुकानातील भिंतभर लटकवलेली रंगीत आमिषे पाहून पहिल्याच दिवशी गोंधळतात. त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

साहित्य निवडण्यापूर्वी माशाच्या दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली म्हणजे त्याचे तोंड अतिशय नाजूक असते आणि जोराचा हिसका बसला की गरी ओठ फाडून निघून येते. दुसरी म्हणजे त्याला थंड पाणी लागते. साधारण १० ते १२ अंश सेल्सिअसचा थर त्याला मानवतो, आणि उन्हाळ्यात वरचे पाणी तापले की तो त्या थराच्या मागे खोल उतरतो. सर्वसाधारण कोकॅनी १० ते १६ इंचांचा असतो. ऑरेगॉनमधील वॉलोवा लेकमध्ये २०१० साली साडेनऊ पौंडांहून अधिक वजनाचा विक्रमी मासा मिळाला होता, पण त्याच्यावर नजर ठेवून काठी विकत घेणे म्हणजे लग्नाच्या पंगतीचे पातेले रोजच्या भातासाठी घेण्यासारखे आहे.

पैसे प्रथम काठीवर खर्च करावेत. ट्रोलिंगसाठी, म्हणजे होडी संथ चालवत आमिष मागून ओढत नेण्यासाठी, सात ते साडेआठ फूट लांबीची, हलक्या किंवा अतिहलक्या वर्गातील आणि शक्यतो फायबर ग्लासची काठी घ्यावी. दुकानातच तिचे टोक धरून हलकेच वाकवून पाहावे. बाक केवळ टोकाशी न थांबता मध्यापर्यंत आणि त्याखालीही उतरत असेल, तर ती काठी माशाचे हिसके स्वतः सोसते. मी पहिला मोसम बास माशासाठी घेतलेल्या ताठ काठीवर काढला आणि होडीजवळ आलेले अर्ध्याहून अधिक मासे गमावले. दोष गरीचा समजून तीन वेळा गऱ्या बदलल्या, काठीकडे मात्र लक्षच गेले नाही.

रीळ लहान असावे आणि किती फूट दोर बाहेर गेला हे दाखवणारा आकडा त्यावर असल्यास उत्तम, कारण एक मासा लागल्यावर तेवढाच दोर पुन्हा सोडता येतो. त्याचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोर अडखळत न सोडता हळूहळू सुटू देणारी रोध-यंत्रणा, हाताने दोर ओढून तपासावा. दोर सुटताना पहिला झटका बसत असेल तर ते रीळ परत ठेवावे. दोर म्हणून आठ ते दहा पौंडांचा ताण पेलणारे साधे नायलॉन, म्हणजे आपल्याकडचे तंगूस, पुरेसे आहे. विणलेला दोर अधिक मजबूत असला तरी तो ताणला जात नाही, आणि इथे तर तो ताण घेणे हेच दोराचे काम असते.

आता आमिषाकडे वळू. कोकॅनी मुख्यतः पाण्यातील सूक्ष्म जीव खातो, त्यामुळे तो आमिषावर भुकेने कमी आणि चिडून अधिक झेपावतो, असे अनुभवी मासेमार मानतात. त्याला डिवचण्याचे काम डॉजर करतो. चार ते सहा इंचांचे हे धातूचे चकचकीत पाते दोराला बांधतात आणि त्याच्या मागे छोट्या दोरावर गरीचे आमिष जोडतात. या छोट्या दोराची लांबी नवशिक्यांकडून हमखास चुकते. हूची नावाच्या रबरी झालरीच्या आमिषाला स्वतःची हालचाल नसते, म्हणून ते डॉजरच्या मागे ८ ते १२ इंचांवरच ठेवावे, म्हणजे पात्याचा प्रत्येक हेलकावा त्याला झटका देतो. फिरते पाते असलेला स्पिनर स्वतःच हलतो, त्याला दीड फूट किंवा थोडी अधिक मोकळीक चालते. गुलाबी, नारिंगी आणि पोपटी या तीन रंगांतील प्रत्येकी एक हूची आणि एक स्पिनर एवढ्यावर पहिले वर्ष सहज निघते.

दोर खोल सोडण्याआधी डॉजर होडीच्या कडेला, दिसेल अशा पाण्यात ओढून पाहावा. तो झोपाळ्यासारखा या बाजूकडून त्या बाजूकडे डुलत असेल तर वेग बरोबर आहे. गरगर पूर्ण फिरू लागला तर होडी वेगात आहे आणि थोड्याच वेळात दोराला पीळ पडणार आहे. ताशी एक ते दीड मैल हा वेग बहुधा जुळतो.

गरीला मक्याचा दाणा लावण्याची इथे जुनी पद्धत आहे. डब्यातील पांढरा, अरुंद दाण्यांचा मका निथळून त्याला मीठ आणि लसणाचा किंवा माशाच्या तेलाचा वास लावतात, आणि प्रत्येक गरीवर एक, फार तर दोन दाणे टोचतात. अधिक लावले की आमिष जड होऊन त्याची हालचाल मरते. काही पाण्यांत मका वापरण्यास मनाई असू शकते, म्हणून त्या तळ्याचा नियम आधी पाहावा.

खोलीचा प्रश्न सर्वांत खर्चिक आहे. डाउनरिगर हे शिशाचा जड गोळा तारेने खाली सोडून दोर ठरावीक खोलीवर धरणारे यंत्र आहे, आणि भर उन्हाळ्यात ६०–८० फुटांवरील माशांसाठी त्याला पर्याय नाही. मात्र ते पहिल्याच वर्षी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वसंतात, वरचे पाणी थंड असताना, मासे पृष्ठभागापासून थोड्याच खोलीवर असतात आणि दोरावर लहानसे शिसे लावूनही हाती येतात. त्यापुढे शिशाचा गाभा असलेला दोर घ्यावा; त्याचा रंग दर दहा यार्डांनी बदलतो आणि संथ वेगात एक रंग साधारण पाच फूट खाली जातो, त्यामुळे रंग मोजून खोलीचा अंदाज बांधता येतो. मासे कोणत्या खोलीवर आहेत हे दाखवणारा साधा फिशफाइंडर मात्र लवकर घ्यावा.

लांब दांड्याची, रबरी जाळीची हातजाळी विसरू नये. होडीजवळ आल्यावर कोकॅनी पाण्याबाहेर उसळून गोल फिरतो, आणि त्याला दोराने वर उचलले तर तो सुटलाच म्हणून समजावे. जाळी आधी पाण्यात बुडवून मासा तिच्यावर आणावा.

वॉशिंग्टन राज्यात पंधरा वर्षे व त्यावरील प्रत्येकाला परवाना लागतो आणि त्याचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. सिएटलजवळच्या लेक समामिशमधील मूळचे कोकॅनी फार घटल्यामुळे तिथे ते ठेवता येत नाहीत. त्याऐवजी नवशिक्याने त्याच राज्यातील लेक स्टीव्हन्ससारखे तळे निवडावे.

यादीतील शेवटची वस्तू म्हणजे बर्फाने भरलेली पेटी. या माशाचे मांस उन्हात पटकन मऊ पडते, म्हणून मासा वर येताच कल्ले कापून रक्त काढावे आणि त्याला बर्फात घालावे. घरी नेल्यावर त्याची आमटी करू नये, नाजूक मांस त्यात विरघळते. हळद, मीठ आणि तिखट लावून, रव्यात घोळवून तव्यावर भाजलेली तुकडी मात्र सुरमईची आठवण विसरायला लावते.