रीफ टँकवर दिवा कुठे आणि किती उंच लावावा

रीफ टँकसाठी, म्हणजे प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, दिवा घेताना लोक वॅट बघतात, रंग बघतात, मोबाइलवरचं अ‍ॅप बघतात. घरी आल्यावर मात्र सोबत मिळालेला स्टँड मागच्या काचेला कसला की काम झालं असं समजतात. महिन्याभरात मधले प्रवाळ फिके पडतात, कोपऱ्यातले तपकिरी होतात आणि बोल दिव्याला लागतो. बहुतेक वेळा चुकलेली असते ती जागा.

एक सूत्र आधीच सांगून ठेवतो: उंचीने पसारा ठरवायचा, प्रखरता डिमरने. प्रकाश जास्त वाटला की दिवा वर उचलायचा, ही सवय सोडा. वर नेलेला दिवा अर्धा उजेड दिवाणखान्यात सांडतो आणि सोफ्यावर बसणाऱ्याच्या डोळ्यांत घुसतो.

काम सुरू करण्याआधी खडक रचून, पाणी भरून घ्या. रिकाम्या टाकीवर घेतलेली मापं नंतर बदलावीच लागतात. उंची टाकीच्या काठापासून न मोजता पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजायची.

उदाहरणाला आपली नेहमीची तीन फुटी टाकी घेऊ: 36 इंच लांब, 18 रुंद, 18 उंच. एलईडीच्या लेन्सचा कोन 90 अंश असेल, तर उंचीच्या दुप्पट व्यासाचं वर्तुळ उजळतं. म्हणजे पाण्यापासून 9 इंचांवर टांगलेला दिवा 18 इंच रुंदी बरोबर झाकतो. पाण्यात शिरताना किरण वाकतात. 45 अंशांत आलेला किरण आत साधारण 32 अंशांवर येतो, त्यामुळे खाली झोत हवेतल्यापेक्षा कमी फाकतो. 36 इंच लांबीला असा एक दिवा पुरणार नाही. दोन घ्या, प्रत्येकी डाव्या-उजव्या काचेपासून 9 इंच आत. एकच मोठा दिवा मधोमध टांगण्यापेक्षा दोन लहान बरे, कारण एकाच बाजूने उजेड पडला की फांदीदार प्रवाळाची खालची बाजू कायम सावलीत राहते आणि तिथली ऊती मरते. लेन्स 120 अंशांची असेल तर पसारा बराच मोठा होतो, तेव्हा दिवा आणखी खाली आणता येतो. पण शिंतोडे उडणार नाहीत एवढं अंतर ठेवाच.

पुढे-मागे कुठे, याकडे कोणी फारसं बघत नाही. खडक मागच्या बाजूला असतात म्हणून दिवाही त्यांच्या डोक्यावर जातो, आणि आपल्याकडे येते ती प्रवाळांची अंधारी बाजू. टाकीच्या मधल्या रेषेपासून इंच-दोन इंच पुढे घ्या. त्याहून पुढे नेलात तर समोरच्या काचेवर शेवाळ चढतं आणि रोज घासत बसावं लागतं.

आता रात्री खोलीतले बाकीचे दिवे बंद करा आणि पांढरा जाड कागद पाण्याच्या अगदी वर आडवा धरून टाकीभर फिरवा. झोताची कड कुठे संपते, काचेच्या आडव्या पट्टीची सावली कुठे पडते, निळे-पांढरे ठिपके कुठे वेगळे दिसतात, सगळं कागदावर उमटतं. ठिपके वेगळे दिसत असतील तर दिवा इंचभर वर घ्या.

छताला टांगणार असाल तर हुक स्लॅबमध्येच, अँकर ठोकून. फॉल्स सीलिंगच्या पत्र्यावर भरवसा ठेवू नका. वायरला प्लगच्या खालच्या पातळीवर झोल द्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत न जाता झोलावरूनच टपकेल. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवून घ्या. खारं पाणी आणि वीज जवळजवळ आहेत.

प्रखरता मोजायला पाण्यात बुडणारा सेन्सर असलेला पीएआर मीटर, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड मोजणारं यंत्र, लागतो. तो महाग असतो, म्हणून ओळखीच्या शौकिनाकडून एका संध्याकाळपुरता आणा. खडकाचा माथा, मधला टप्पा, वाळू, आणि दोन्ही टोकं, असे आकडे लिहून घ्या. मशरूम, झोअँथस, लेदर या मऊ प्रवाळांना ढोबळमानाने 50 ते 100 पुरतात. हॅमर, टॉर्च या दगडी प्रवाळांना 75 ते 150. अ‍ॅक्रोपोरासारख्या फांदीदार दगडी प्रवाळांना 200 च्या वर. लक्समीटरवर विसंबू नका. तो माणसाच्या डोळ्याप्रमाणे हिरव्याला झुकतं माप देतो आणि रीफच्या निळ्या उजेडाला कमी मोजतो.

इथे एक सांगायलाच हवं. भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रातून उचललेला तुकडा घरी आणणं गुन्हा आहे.

नवा दिवा पहिल्या दिवशी पूर्ण तेजावर लावू नका. ठरवलेल्या तेजाच्या निम्म्यावर सुरुवात करून तीन-चार आठवड्यांत वर न्या. दिवसाला आठ-नऊ तास पुरे. प्रवाळ फिका पडून आक्रसला तर उजेड जास्त आहे. तपकिरी होऊन मान लांबवत वर ताणला तर कमी. अशा वेळी दिव्याला हात लावण्याआधी तो एकच प्रवाळ खाली-वर हलवून बघा आणि दोन आठवडे थांबा. लेन्सवर मिठाचा थर साचला की प्रखरता गुपचूप घटते, म्हणून दर पंधरा दिवसांनी दिवा बंद करून, थंड झाल्यावर, आरओच्या पाण्यात ओलावलेल्या मऊ फडक्याने ती पुसून घ्या.