जुन्या कारखान्याच्या काठावर पार्क करायचाय? मग आधी जमिनीखाली बघा

बंद पडलेला कारखाना, पाण्याला लागून मोठी रिकामी जागा, गंजलेल्या टाक्या, गेटला कुलूप. अशी जागा दिसली की पहिल्याच मीटिंगला कुणीतरी थ्रीडी चित्र घेऊन येतंच, हिरवळ, सायकल ट्रॅक, पतंग उडवणारी मुलं. ते चित्र सध्या गुंडाळून ठेवा. झाडं कुठे, बाकं कुठे, टेकडी कुठे हे निम्मं-अधिक जमिनीखाली काय आहे त्यावरच ठरणार आहे.

सुरुवात कागदांपासून करायची. जुने नकाशे, विमानातून काढलेले फोटो, परवाने, विम्यासाठी काढलेले प्लॅन, मिळेल ते जमवा. आणि तिथे काम केलेली म्हातारी माणसं गाठा, कारण 'खराब पिंपं मागच्या बाजूला पुरायचो' ही माहिती कुठल्याच नकाशात नसते. तिथे काय बनत होतं त्यावरून काय शोधायचं ते ठरतं: कोळशापासून गॅस बनवत असतील तर डांबर, बेंझिन, सायनाइड, जहाजदुरुस्ती असेल तर शिसं, तांबं आणि बुडाला लावायच्या रंगातली विषारी रसायनं, जुने ट्रान्सफॉर्मर असतील तर पीसीबी (ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं विषारी रसायन). शिवाय काठावरची अशी बरीच जमीन मुळात जमीन नसतेच, राख, स्लॅग (भट्टीतून निघालेली धातूची मळी), डबर टाकून केलेला भराव असतो, त्यामुळे कारखान्याने काहीच सांडलं नसलं तरी माती खराब निघू शकते.

मग बोअर. नुसतं वरवरचं सॅम्पल घेऊन काही कळत नाही, ग्रिड आखून वेगवेगळ्या खोलीची माती घ्या, आणि जिथे टाकी, पाइप, ड्रेनेज होतं तिथे जास्त घ्या. भूजल तपासायला छोट्या विहिरी लागतात, आणि समुद्र किंवा खाडीजवळ असाल तर भरती-ओहोटीप्रमाणे भूजलाची पातळी आणि दिशा दोन्ही हलतात, म्हणून एकदाच पाणी काढून 'क्लीन आहे' म्हणणाऱ्या कन्सल्टंटवर विश्वास ठेवू नका. आणि पाण्याखालचा गाळ! हा कायम राहून जातो, कारण बहुतेकदा जमीन एका खात्याची आणि पाणी दुसऱ्याचं.

गाळ राहिला की काय होतं ते बघायचं असेल तर अमेरिकेतल्या सिएटलचा गॅस वर्क्स पार्क बघा. 1906 ते 1956 तिथे गॅसचा कारखाना होता, लँडस्केप आर्किटेक्ट रिचर्ड हाग यांनी जुने टॉवर न पाडता तसेच ठेवले, डबराची टेकडी केली, मातीत सेंद्रिय पदार्थ कालवून जंतूंकडून तेल खाऊन घ्यायचा प्रयोग केला, आणि 1975 मध्ये पार्क उघडला. त्या काळी असा विचार करणं म्हणजे कमालच. पण 1984 मध्ये प्रदूषण सापडलं म्हणून पार्क काही महिने बंद ठेवावा लागला, आणि पार्कला लागून असलेल्या तळ्याच्या गाळात इतकं विष आहे की तिथे काठावरून पाण्यात उतरायला आजही मनाई आहे.

सफाईचे मार्ग साधारण तीन, उकरून बाहेर न्या, वरून झाका, नाहीतर जागेवरच उपचार करा. प्रत्यक्षात तिन्हींची खिचडी होते. सिएटलच्याच ऑलिम्पिक स्कल्प्चर पार्कमध्ये (जुना तेलाचा डेपो, 2007 मध्ये खुला) तेलाने माखलेली सुमारे 1,20,000 टन माती काढली, आणि बाकी जागेवर भराव घालून रस्ता आणि रेल्वेवरून उतरत येणारी नागमोडी वाट केली. सगळं उकरायचा हट्ट मात्र धरू नका, खर्च तर आहेच, पण हजारो ट्रक वस्तीतून जाणार, धूळ उडणार, आणि ती माती शेवटी दुसऱ्या कुणाच्या तरी शेजारी जाणार.

झाकायचं म्हटलं की लोकांना वाटतं फसवणूक आहे. नाही, नीट केलं तर चालतं. खाली खराब माती, त्यावर जिओटेक्स्टाइल (मातीचे थर वेगळे ठेवणारं जाड कापड) आणि भडक केशरी जाळी, म्हणजे उद्या कुणी कुदळ मारली तर जाळी दिसताच हात थांबेल, आणि त्यावर स्वच्छ माती. हिरवळीला साधारण दोन-तीन फूट चालून जातं, झाडांना नाही, मुळं खाली घुसतात, म्हणून जिथे मोठी झाडं हवीत तिथे उंचवटे करा. बघा, टेकड्या चित्रात छान दिसतात म्हणून नाही, मुळांसाठी येतात. बेंझिनसारखी वाफ होणारी रसायनं असतील तर टॉयलेट, कॅफे अशा बंद खोल्यांखाली वाफ अडवणारा थर आणि ती बाहेर काढायचा पाइप हवाच, उघड्या मैदानात एवढी चिंता नसते.

पावसाचं पाणी जमिनीत मुरवायची सवय इथे उलटी पडते. मुरलेलं पाणी खालची घाण धुऊन नदीत नेतं, म्हणून गवताळ चर करा पण तळाला अस्तर लावून. आणि 'सूर्यफूल लावा, विष शोषून घेईल' हे सल्ले ऐकून घ्या आणि सोडून द्या. आर्सेनिक शोषणारं नेचं खरंच आहे, पण वर्षानुवर्षं लागतात, मुळं जातात तेवढ्याच खोलीपुरतं काम होतं, आणि कापलेला पालाही विषारी कचराच. पाणथळ झाडं मात्र नदीच्या पाण्यासाठी भारी, शांघायच्या हौतान पार्कमध्ये जुन्या कारखान्याच्या जागेवर 2010 मध्ये केलेली पाणथळ पट्टी दिवसाला 2,400 घनमीटर पाणी साफ करेल अशी आखली होती.

गाळाला हात घालायच्या आधी वरून येणारी घाण थांबवा, नाहीतर पैसे पाण्यात, अक्षरशः. न्यूयॉर्कच्या गोवानस कालव्यात म्हणूनच गाळ काढण्याबरोबर सांडपाणी साठवायला 80 लाख आणि 40 लाख गॅलनच्या दोन टाक्या बांधायची अट घातली गेली.

काठ सगळीकडे काँक्रीटचा नको. जिथे जागा आहे तिथे उताराचा दगड-गवताचा काठ ठेवा, आणि पूर येणार हे धरूनच चाला, म्हणजे पाणी शिरेल तिथे साधी हिरवळ, आणि वीज, पंप वरच्या पातळीवर. जुना धक्का ठेवायचा असेल तर पाणबुडे उतरवून खालचे खांब तपासा, वरून ठणठणीत दिसणारं लाकूड आतून किड्यांनी पोखरलेलं असू शकतं. क्रेन, धुराडी ठेवता आली तर जरूर ठेवा, पण रंगातलं शिसं आणि ॲस्बेस्टॉस काढून.

शेवटचं, बजेटमध्ये कायम राहून जाणारं: झाकणाची दरवर्षी तपासणी, विहिरींचं सॅम्पलिंग, आणि पुढची निदान 30 वर्षं याचे पैसे कोण देणार ते उद्घाटनाच्या आधी लेखी घ्या. केशरी जाळी कुठे किती खोल आहे त्याचा नकाशा माळ्याच्या खोलीत भिंतीवर लावा, ऑफिसच्या कपाटात नाही, कारण खड्डा तोच खणणार आहे.