सोलापुरी येसर आमटी घरी कशी करावी

घरात भाजी नसली, किंवा उन्हातान्हातून दमून आलेल्या माणसाला गरम आणि झणझणीत काहीतरी हवे असले, की सोलापूर, बार्शी, मोहोळ भागातल्या अनेक घरांत येसराचा डबा उघडला जातो. भाजलेली धान्ये, डाळी आणि मसाले एकत्र दळून केलेले हे पीठ तयार असले, की आमटी अर्ध्या-पाऊण तासात होते. लग्नघरी हळदीबरोबर येसरही दळण्याची रीत आहे, त्यामुळे पुष्कळ जणांना ही आमटी पंगतीतलीच आठवते. पण ती रोजच्या जेवणात असावी असे मला मनापासून वाटते. तिची चव निम्म्याहून अधिक येसर भाजतानाच ठरते, म्हणून तिथे घाई करू नये.

येसराचे प्रमाण घराघरांत बदलते. आमच्याकडे ज्वारी, गहू आणि हरभऱ्याची डाळ प्रत्येकी एक वाटी, तांदूळ आणि उडदाची डाळ प्रत्येकी अर्धी वाटी, धने अर्धी वाटी, जिरे दोन चमचे, मिरे एक चमचा, सात-आठ लवंगा, दालचिनीचे दोन तुकडे, दोन-तीन तमालपत्रे, थोडे दगडफूल, एक हळकुंड आणि सुंठेचा लहान तुकडा घेतात. प्रत्येक धान्य वेगळे भाजावे, कारण तांदूळ फुलून येतो तेव्हा हरभऱ्याची डाळ अजून आतून कच्चीच असते, आणि दोन्ही एकत्र टाकले तर एक करपते किंवा दुसरे कच्चे राहते. जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, सतत हलवत भाजावे. डाळीच्या रंगावर विसंबू नये; एक दाणा जरा निववून दाताखाली धरावा, तो कुडकन फुटला आणि आत पिठूळ, कच्ची चव लागली नाही, तरच डाळ झाली असे समजावे. कच्च्या डाळीच्या येसराची आमटी चिकट होते आणि तिला बेसनाचा वास येतो, जो पुढे कितीही उकळले तरी पुरता जात नाही. खडे मसाले सगळ्यात शेवटी थेंबभर तेलावर परतावेत. हळकुंड आणि सुंठ मात्र आधी खलबत्त्यात फोडून घ्यावी.

सारे पूर्ण निवल्यावरच दळायला न्यावे, कारण गरम धान्याची वाफ पिठात धरली की गुठळ्या होतात आणि येसर टिकत नाही. गिरणीत ज्वारीवर दळून मागावे आणि किंचित रवाळ ठेवावे. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ते काही महिने चांगले राहते.

चार-पाच माणसांच्या आमटीसाठी दोन मोठे कांदे उभे चिरून तव्यावर कडा काळपट होईपर्यंत भाजावेत, अर्धी वाटी सुके खोबरे खरपूस भाजावे, आणि आठ-दहा लसूण पाकळ्या, इंचभर आले व मूठभर कोथिंबीर घालून हे सारे बारीक वाटावे. चार मोठे चमचे तेल तापवून, मोहरी-जिऱ्याची फोडणी करून त्यात वाटण घालावे आणि कडेने तेल सुटेपर्यंत परतावे. आता आच अगदी मंद करून दोन लहान चमचे काळे तिखट घालावे, एकदाच हलवावे आणि लगेच चार वाट्या कढत पाणी ओतावे. तिखट तेलात जास्त वेळ राहिले तर जळते, आणि मग आमटीला रंगाऐवजी कडवटपणा येतो.

चार मोठे चमचे येसर मात्र वाटीभर गार पाण्यातच कालवावे. उकळत्या पाण्यात कोरडे पीठ टाकले, की त्याचा बाहेरचा थर तत्काळ शिजून आतले पीठ कोरडे कोंडले जाते आणि गुठळ्या होतात. कालवलेले येसर बारीक धारेने, एका हाताने ढवळत आमटीत सोडावे, मीठ घालावे आणि झाकण न ठेवता मध्यम आचेवर पंधरा-वीस मिनिटे उकळू द्यावे. आधी फेस येतो, मग तो बसतो, आणि हळूहळू कडेला लालसर कट जमू लागतो; कट दिसेपर्यंत आमटी उतरवू नये. ती पळीवरून सहज ओघळेल इतकी पातळ असावी, कारण निवताना ती घट्ट होते.

सोबतीला ज्वारीची भाकरीच हवी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या भागातली मालदांडी ज्वारी मिळाली तर भाकरी पांढरी आणि गोडसर होते. मला स्वतःला कडक भाकरी अधिक आवडते. तिचे तुकडे खोलगट ताटलीत चुरून वरून कढत आमटी ओतावी, दोन मिनिटे मुरू द्यावे आणि बुक्कीने फोडलेल्या कांद्याबरोबर खावे. लहान मुलांसाठी काळे तिखट निम्मे करून वर चमचाभर तूप सोडावे. आमटी संध्याकाळपर्यंत उरली, तर तिच्यात गार पाणी न घालता कढत पाणीच घालून पुन्हा एक उकळी आणावी, आणि मीठ त्यानंतर चाखून वाढवावे.