साथीच्या काळात मेडिकलमधून गर्भनिरोधक कसं मिळवायचं

साथ आली की सगळे आधी तापाच्या गोळ्या नि मास्कच्या मागे लागतात, आणि गर्भनिरोधक गोळ्यांच्या स्ट्रिपमध्ये चारच उरल्या की मग आठवतं की अरे हीसुद्धा संपत आली. मार्च २०२० मध्ये तर लॉकडाऊनमुळे जगातल्या सगळ्यात मोठ्या कंडोम कंपनीचे मलेशियातले कारखानेच काही दिवस बंद होते, त्यामुळे आयत्या वेळी मिळेलच असं धरून चालू नका.

स्ट्रिप उलटी करा. मागे चंदेरी बाजूला बारीक अक्षरात घटक असतात, उदा. लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिग्रॅ आणि एथिनिल एस्ट्राडिओल ०.०३ मिग्रॅ (ही दोन हार्मोन झाली, काही गोळ्यांत एकच असतं). त्याचा फोटो काढून ठेवा, चमक मारते म्हणून जरा तिरपा धरून. ब्रँड नाही मिळाला तरी तेच घटक तेवढ्याच प्रमाणात असलेली दुसऱ्या नावाची गोळी चालते, नाव वेगळं म्हणून बंद करू नका. घटकच वेगळे असतील तर मात्र फार्मासिस्टला विचारूनच बदला.

मग मेडिकलमध्ये फोन करा किंवा फोटो पाठवा. मागे रांग, तोंडावर मास्क, आणि आपण ओरडून नाव सांगायचं, कोणालाही नको वाटतं ते! एकदम तीन महिन्यांच्या मिळतात का, घरपोच देतात का विचारा. चिठ्ठी लागत असेल आणि जुनी संपली असेल तर डॉक्टरांशी फोनवर बोलून नवी घ्या.

पहिल्यांदाच घेत असाल तर लाजून काही लपवू नका हं. बीपी १४०/९० किंवा वर, पस्तिशीनंतर सिगारेट, आधी कधी रक्ताची गुठळी, डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी, अंगावर पिणारं सहा महिन्यांच्या आतलं बाळ, यातलं काहीही असेल तर दोन हार्मोनवाली गोळी नको, दुसरे पर्याय आहेत. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिटच्या काही गोळ्यांनी असर कमी होतो, तेही सांगा.

एक गोळी चुकली तर आठवल्याबरोबर घ्या, पुढची नेहमीच्या वेळेला. दोन किंवा जास्त चुकल्या तर एक लगेच घ्या, बाकी रोजच्यासारख्या चालू ठेवा आणि सात दिवस कंडोम वापराच. (हे दोन हार्मोनवाल्या गोळीचं, एकाच हार्मोनवालीचे नियम जास्त कडक असतात.) कंडोम लॅटेक्सचा असेल तर तेल, व्हॅसलीन अजिबात नाही, फाटतो.

आणि काहीच न वापरता संबंध आला असेल तर इमर्जन्सी गोळी. लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिग्रॅ ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, युलिप्रिस्टल मिळत असेल तर १२० तासांपर्यंत. लेव्होनॉरजेस्ट्रेल घेतल्यावर दोन तासांत किंवा युलिप्रिस्टल घेतल्यावर तीन तासांत उलटी झाली तर परत घ्यावी लागते. पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणं सगळ्यात खात्रीचं, पण त्यासाठी दवाखान्यात जावंच लागतं, म्हणून कुठला चालू आहे ते आधी फोन करून बघा. तीन आठवड्यांत पाळी आली नाही तर टेस्ट किट, तेही मेडिकलमध्येच मिळतं.