दोघीही 'ती' असल्या की गोष्ट कशी लिहायची? फेमस्लॅश लिहिणाऱ्यांसाठी

आपल्याला आवडलेल्या सिरीयलमधली, पुस्तकातली पात्रं घेऊन आपण पुढची गोष्ट लिहितो ती फॅनफिक, आणि त्यात दोन बायकांचं एकमेकींवर प्रेम असेल तर ती फेमस्लॅश. स्लॅश म्हणजे दोन नावांमधली तिरकी रेघ, १९७० च्या दशकात स्टार ट्रेक या अमेरिकन सिरीयलचे फॅन कर्क आणि स्पॉक या नावांमध्ये ती रेघ द्यायचे, तिथनं हा शब्द आला. मी सोलापुरात बसून बरीच वर्षं हे लिहितेय, मराठीत लिहितेय, आणि मराठीत लिहिताना ज्या अडचणी येतात त्या कुणी सांगितल्या नव्हत्या म्हणून हे सगळं सांगतेय.

पहिलं काम जोडी ठरवायचं. दोघी शेजारी उभ्या राहिल्या की छान दिसतात, एवढ्यावर पन्नास पानं निघत नाहीत. असा एखादा सीन शोधा जो बघून झाल्यावर पण डोक्यातनं जात नाही, आणि तो परत बघून वहीत तीन गोष्टी लिहा: त्या काय बोलल्या, हातांनी काय केलं, आणि काय बोलायचं राहून गेलं. ते राहून गेलेलं म्हणजे तुमची गोष्ट. माझी जोडी झीना आणि गॅब्रिएल, 'झीना: वॉरियर प्रिन्सेस' या १९९५ ते २००१ चाललेल्या इंग्रजी सिरीयलमधल्या, जुन्या ग्रीसमध्ये फिरणारी लढवय्यी आणि तिची सोबतीण, शेवटच्या एपिसोडला झीना मरते आणि गॅब्रिएल तिच्या अस्थी घेऊन जहाजावर उभी असते. मला तो शेवट आजही मान्य नाही, माझं निम्मं लिखाण तिथूनच आलंय.

मग जागा. झीनाच्या फॅन लोकांनी 'उबर' नावाचा एक प्रकार रुजवला, म्हणजे त्याच दोघी, स्वभाव तोच, पण काळ आणि गाव वेगळं, नावंसुद्धा वेगळी. मराठीत लिहायला याच्यासारखं सोपं दार नाही, कारण ग्रीसच्या जंगलात तलवारी घेऊन फिरणाऱ्या बायकांना मराठी बोलायला लावलं की कानाला खटकतं. मी झीनाला पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर केलं, बिघडलेला माग दुरुस्त करणारी, आणि गॅब्रिएल तिथे कांड्या भरायला येते आणि जेवणाच्या सुट्टीत वहीत लिहीत बसते. बाई जॉबर मी अजून पाहिली नाही, म्हणूनच तिला जॉबर केलं. एक काळजी मात्र घ्या, दोघींना काम द्या, खरं हाताचं काम, कारण मागाच्या खटखटाटात बोलणं ऐकू येत नाही म्हणून कानाजवळ जाऊन बोलावं लागतं, आणि असली जवळीक तुम्हाला कुठल्याही चांदण्या रात्रीच्या सीनमध्ये मिळणार नाही.

आता खरी अडचण. "तिने तिचा हात धरला आणि ती हसली." कोण हसली? मुलगा-मुलीच्या गोष्टीत 'तो' आणि 'ती' असतात, क्रियापदावरनं पण कळतं, इथे दोघी ती आणि दोघी हसल्याच. नवीन लिहिणारे मग 'उंच मुलगी', 'कुरळ्या केसांची' असं काहीतरी लिहीत बसतात, ते करू नका, आपल्या माणसाला मनात कुणी कुरळ्या केसांची म्हणत नाही. मी काय करते, सीन कुणाच्या डोळ्यांनी दिसतोय ते आधी ठरवते, आणि जिच्या डोळ्यांनी दिसतोय ती 'ही', समोरची 'ती'. "हिने तिचा हात धरला आणि ती हसली", लगेच कळलं की नाही? सगळीकडे नाही चालत, पण घट्ट सीनमध्ये फार उपयोगी पडतं, बाकी ठिकाणी बिनधास्त नावं परत परत लिहा, वाचणाऱ्याला नाव खुपत नाही. तिसरा मार्ग बोलण्याचा, एक जण सोलापुरी "काय करलालीस गं" म्हणणारी आणि दुसरी पुण्याहून आलेली असली तर 'म्हणाली' लिहायची पण गरज पडत नाही.

आणि हाक! हे तर आपल्या भाषेचं सोनं आहे. इंग्रजी फिकमध्ये दोघी पहिल्यापासून 'यू'च, आपल्याकडे तुम्हीवरनं तूवर यायला पाच चॅप्टर लावता येतात. माझ्या गोष्टीत कांड्या भरणारी जॉबरला अक्का म्हणते, सगळेच म्हणतात, आणि एक दिवस ती अक्का न म्हणता नुसतं नाव घेते. तेवढंच. त्या चॅप्टरला दुसरं काही घडत नाही, पण तो मी सगळ्यात जास्त वेळा लिहून काढलाय.

प्रेम कळायला मोठे प्रसंग लागत नाहीत, गाव देतं ते घ्या. संक्रांतीच्या सुमारास आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षता सोहळा असतो, सिद्धेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न लागतं, आणि अख्खं गाव अक्षता टाकायला उभं असतं. त्या गर्दीत माझ्या दोघी शेजारी उभ्या आहेत, मागच्यांनी टाकलेल्या अक्षता दोघींच्या केसांत पडतात, आणि एक जण दुसरीच्या केसांतनं त्या काढत नाही, राहू देते. मला हा सीन दरवर्षी गड्ड्यावरनं, म्हणजे या यात्रेच्या जत्रेतनं, घरी येताना आठवतो.

शेवट करताना मारू नका. २०१६ मध्ये 'द हंड्रेड' या सिरीयलमध्ये लेक्सा या बाईवर प्रेम करणाऱ्या नायिकेला मारलं तेव्हा जगभरचे फॅन चिडले, कारण अशा जोडीतली एक मरणार हे पडद्यावर नेहमीचंच झालं होतं. घरच्यांची भीती लिहा, ती खरी आहे, सुप्रीम कोर्टाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत म्हणून काही आईचा चेहरा बदलत नाही, पण प्रत्येक चॅप्टर भीतीचा नको, त्यांना कडक भाकरी आणि शेंगा चटणी खात भांडू पण द्या.

पोस्ट करायला मी आर्काइव्ह ऑफ अवर ओन ही फॅनफिकची वेबसाइट वापरते, २००९ पासून सगळ्यांसाठी उघडं आहे, फॅन लोकांनीच चालवलेलं. रेटिंग, म्हणजे गोष्ट कुठल्या वयाच्या वाचकांसाठी आहे ते, खरं टाका, टॅगमध्ये दुःखाचं काही असेल तर आधीच सांगा, पात्रं अठराच्या पुढचीच ठेवा. आणि त्याआधी बीटा, म्हणजे टाकायच्या आधी वाचणारी मैत्रीण. मी माझ्या बीटाला पाठवत नाही, कंबर तलावाच्या कट्ट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवते, आणि ती मध्येच थांबवून "ही म्हणजे कोण?" म्हणाली की तिथे पेन्सिलीने खूण करते आणि घरी जाऊन तो पॅरा पहिल्यापासून लिहिते.