‘ब्लॉकेज नाही’ म्हणजे सुटलो नव्हे: हृदयाच्या सीटीतल्या चरबीबाबत या चुका टाळा

नाशिकमध्ये मुंबई नाक्याजवळच्या एका सेंटरवर मी सीटी स्कॅनचं मशीन चालवतो. रिपोर्ट लिहिणं डॉक्टरांचं काम, पण प्रश्न आधी माझ्यावर येऊन आदळतात. हल्ली एक नवा प्रश्न येतो: “हृदयाभोवतीच्या चरबीवरून अटॅकचा अंदाज येतो म्हणे, आमची बघितली का?”

अंदाज येतो, हे खरं. पण विचारणारे गृहस्थ बहुतेक वेळा स्वतःच्या पोटाकडे बघत विचारतात, आणि पहिली चूक तिथेच होते. दुसरे असतात कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज दहा फेऱ्या मारणारे सडपातळ काका. त्यांना वाटतं, आपल्या अंगावर चरबीच नाही तर बघायचं काय? दोघांचंही चुकतं. हृदयावर चरबी किती साठलीय, हे एक माप. कोरोनरी धमनीला, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीला, लगटून असलेली चरबी कशी आहे, हे वेगळं माप. धमनीच्या भिंतीत दाह (आतली सूज) सुरू झाला की शेजारच्या चरबीच्या पेशींना नीट चरबी साठवता येत नाही. त्या लहानच राहतात, चरबी कमी आणि पाण्याचा अंश जास्त. सीटीवर तेवढ्याने करड्या रंगाची छटा बदलते आणि तो बदल आकड्यात मोजता येतो. धमनीला लगटलेली ही चरबी बारीक माणसालाही असतेच.

आता आकड्याचं. इथे भलेभले फसतात. सीटीच्या मोजपट्टीवर पाणी म्हणजे शून्य, हवा उणे १०००, आणि चरबी साधारण उणे १९० ते उणे ३० यांच्यामध्ये. म्हणजे आकडा उणेच येणार. एकदा दोन सख्खे भाऊ रिपोर्ट घेऊन बाकावर बसले होते. एकाचा उणे ६६, दुसऱ्याचा उणे ८५. पंच्याऐंशीवाल्याचा चेहरा पडलेला, आणि सहासष्टवाला त्याला धीर देतोय! प्रत्यक्षात उलटं होतं. शून्याकडे सरकलेला आकडा म्हणजे पाण्याचा अंश जास्त, म्हणजे दाहाची शंका जास्त. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या क्रिस्प-सीटी अभ्यासात जर्मनीतल्या एर्लांगेन आणि अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या मिळून ३९१२ रुग्णांचे स्कॅन तपासले होते. उजव्या कोरोनरीभोवतीचा आकडा उणे ७०.१ किंवा त्याहून शून्याजवळ असलेल्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचा धोका दोन्ही गटांत पाचपटींहून अधिक निघाला.

पण म्हणून उणे सत्तरची रेघ घरी भिंतीवर मारून ठेवू नका. मशीनचा व्होल्टेज १२० किलोव्होल्टऐवजी १०० ठेवला, तर तीच चरबी आणखी उणे दिसते. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी काढलेला आकडा आणि आज दुसरीकडे काढलेला आकडा नुसते शेजारी ठेवून ‘सुधारलं’ म्हणणं फसवं आहे. शक्यतो त्याच मशीनवर, त्याच सेटिंगवर तुलना करायला सांगा. वय, साखर, बीपी, तंबाखू हे धरूनच डॉक्टर त्या आकड्याचा अर्थ लावतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र रिपोर्टमधली एकच ओळ वाचण्याची. “ब्लॉकेज नाही ना? मग झालं!” म्हणत माणूस थेट मिसळीच्या टेबलावर. ब्रिटनमधल्या आठ हॉस्पिटलांतल्या ४०,०९१ रुग्णांचा ऑर्फन अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यात साधारण पाचातल्या चौघांना अडथळा आणणारं ब्लॉकेज नव्हतं. तरी पुढे हृदयविकाराने जे मृत्यू झाले, त्यांतले सुमारे दोन तृतीयांश याच ब्लॉकेज नसलेल्यांत होते. एकेकट्याचा धोका ब्लॉकेजवाल्यालाच जास्त, यात शंका नाही. पण संख्येने ही मंडळी एवढी मोठी, की निम्म्याहून जास्त दुर्घटना त्यांच्याच वाट्याला येतात. कॅल्शियम स्कोअर शून्य आला म्हणून हात झटकणंही तसलंच. तो स्कॅन साचलेला चुना मोजतो, ताजा दाह नाही.

आणि स्कॅनच्या दिवशीचं. निफाडकडचे एक बागाईतदार काका पहाटे निघून इथल्या द्वारका चौकात दोन कप कडक चहा मारून आले. मॉनिटरवर नाडी ८८. आम्हाला हवी साठच्या आसपास, नाहीतर धडधडणारी धमनी चित्रात हलते आणि तिच्या कडेची चरबी मोजायची कशी? गोळी दिली, तास-दीड तास बसवलं, तेव्हा कुठे ६३ झाली. काका कुरकुरले, “एवढ्यात निम्म्या बागेची फवारणी झाली असती.” आदल्या रात्रीपासून चहा-कॉफी बंद. दमा असेल तर आधी बोला, कारण नाडी उतरवणारी गोळी सगळ्यांना चालत नाही. क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट, आयोडीनच्या औषधाची ॲलर्जी, मधुमेहाची मेटफॉर्मिन, हेही सांगा. आम्ही जिभेखाली गोळी किंवा स्प्रे देतो, त्यामुळे सिल्डेनाफिलसारखं (व्हायग्रा वगैरे) काही घेतलं असेल तर लाजू नका. दोन्ही मिळून बीपी धाडकन खाली येतं. बायकोसमोर नको वाटलं तर माझ्या कानात सांगा, आम्हाला सवय आहे.

छातीत आत्ता दुखत असेल तर मात्र अपॉइंटमेंट घेत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

चरबीचा हा आकडा प्रत्येक रिपोर्टमध्ये छापून येत नाही. हवा असेल तर नाव नोंदवतानाच विचारा. फिल्मवरून तो कुणालाच मोजता येत नाही, त्यासाठी स्कॅनचा मूळ डेटा लागतो. तो सीडीत असतो, आणि ती सीडी लोक गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवतात. घरी नेऊन पेनड्राइव्हवर एक कॉपी करून ठेवा.